पाळण्याची दोरी आणि ग्लासांची उतरंड

लातूर,
बुधवार, २० ऑगस्ट १९९७

तीर्थरूप सिद्धम्माअक्का यांना नागम्माचे शरणार्थ.

तुमच्या गुडघ्यांना आता उतार पडला असेल, नांदेडला नळाला दिवसाआड तरी पाणी येत असेल आणि सुनेशी तुमचं बोलणं पुन्हा सुरू झालं असेल, असं धरून लिहिते. तुमचे बंधू खुशाल आहेत. त्यांना काय होणार? घरात बारा दिवसांचं लेकरू आहे आणि ते पेपर वाचतात. नात गुटगुटीत आहे, नाक तुमच्या घराण्याचं आहे (माझा इलाज नाही) आणि आवाज औशाच्या बसच्या हॉर्नसारखा. आधीच सांगून ठेवते, तुम्ही येण्याची तसदी घेऊ नये. इथे सगळं माझ्या ताब्यात आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत मला ठाऊक आहे. त्यासाठी तुम्ही दोन पत्रं खर्ची घालायला नको होती. पण वर्षाराणीची आई रेणापूरला शेताच्या बांधावरून घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये घालून बसली. म्हणून बाळंतीण सासरी. मी म्हटलं, असू दे. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चाळीस बायकांच्या ड्यूट्या लावल्या, एका लेकराची लावता येणार नाही? शिवाय सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली होती : जे आपल्याला येत नाही ते पुस्तकात असतं. मी हैदराबादहून बालसंगोपनाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मागवलं. त्यात दर तीन तासांनी दूध असं लिहिलंय. मी तक्ता केला, वैजनाथने रेघा मारून दिल्या (क्लासचा मास्तर तो, रेघा मारल्याशिवाय त्याला जेवणसुद्धा वाढून घेता येत नाही) आणि पाळण्याशेजारच्या भिंतीवर लावला. लेकरू दर चाळीस मिनिटांनी रडतं. तक्ता चुकलाय असं मी मानत नाही. लेकराला घड्याळ कळत नाही.

त्यात अमीरबी. आमच्या गल्लीतली तान्ही लेकरं न्हाऊ घालणारी, तुम्ही तिला ओळखता. आली, न्हाणीत पाय पसरून बसली, लेकरू पायांवर पालथं घेतलं आणि तेलाची वाटी मागितली. टाळू भरली, तेवढं मी चालू दिलं. नाकात तेल सोडायला निघाली तेव्हा मी पुस्तक उघडलं. (डॉक्टरही माझ्याच बाजूचे निघाले, हे लक्षात ठेवा.) तिथेच थांबायला हवं होतं. पण पाणी किती ऊन, साबण कोणता, हातात बांगड्या असाव्यात की नसाव्यात, असं मी पान बारापासून पान एकोणीसपर्यंत मराठी करून वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं, लेकरू पुसून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "बाईसाब, किताब लई अच्छी हाय. उद्यापासून तिलाच न्हाऊ घालाया सांगा." गेली ती गेलीच. आठ दिवस झाले, आम्ही लेकराला ओल्या फडक्याने पुसतो. पुस्तकात तेही चालतं.

पुढच्या हॉलमध्ये वैजनाथच्या रसायनशास्त्राच्या तीन बॅचा. बोर्डात यायचं म्हणून कुठकुठली पोरं लातूरला येऊन पडलीत. आमच्या गल्लीत गच्चीवरसुद्धा कॉट भाड्याने मिळते. लेकरू रडलं की वैजनाथ दाराआडून ओरडतो, "आई, टेस्ट चालू आहे!" जणू मीच रडते. म्हणून पाळणा थांबू द्यायचा नाही, असं मी ठरवलं. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि आडवं पडून झोका द्यायचा. उशाशी तिवईवर माझी ग्लासांची उतरंड. किल्लारीच्या भूकंपानंतर लातुरातल्या निम्म्या घरांत होती तशीच : स्टीलचे ग्लास पालथे घालून एकावर एक रचायचे, जमीन हलली की ते पडतात आणि माणूस जागं होतं. चार वर्षं झाली, लोकांनी ग्लास परत स्वयंपाकघरात नेले. मी नेले नाहीत. धरणी काय आधी फोन करून हलते?

परवा सोमवारी दुपारी तीन वाजता असाच झोका चालू होता. मी पुस्तकाचं चौसष्टावं पान वाचत होते (डोळे मिटले होते, पण झोपले नव्हते). कूस बदलताना दोरी तिवईच्या पायात अडकली असावी. मी अंगठा ओढला आणि नऊच्या नऊ ग्लास फरशीवर. मग मी "भूकंप! बाहेर व्हा!" असं ओरडले. एक्स्चेंजमध्ये घासलेला आवाज तो. वैजनाथची चाळीस पोरं उत्तरपत्रिकांसकट रस्त्यावर, समोरचं होस्टेल रस्त्यावर, पलीकडचा गणिताचा क्लास रस्त्यावर. मी लेकराला दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलं आणि सगळ्यांच्या आधी बाहेर पडले. पाच मिनिटं जमीन हलेना. तेवढ्यात पोरांनी एकमेकांची उत्तरं पाहून घेतली, म्हणून टेस्ट पुन्हा घ्यावी लागणार. तोही दोष माझ्या डोक्यावर. तुमचे बंधू सर्वांत शेवटी आले, पेपरची घडी करत, आणि म्हणाले, "पेपरात तर काही नव्हतं."

तेव्हापासून वर्षाराणी माझ्याशी बोलत नाही. रविवारी तिचा भाऊ जीप घेऊन येतोय, लेकराला आणि तिला रेणापूरला न्यायला. मी म्हटलं, तुझी आई प्लास्टरमध्ये, करणार कोण? तर म्हणते, "आईचा एक पाय तरी धड हाय, आत्या." जाऊ दे. मला काही फरक पडत नाही. तुमच्या प्रकृतीला जपा.

आपली,
नागम्मा

ता. क. फोनच केला असता, पण फोन हॉलमध्ये आहे आणि चाळीस पोरं कान देऊन असतात. तीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं ऐकलेल्या बाईला हे कळतं.

ता. क. वर मी लेकराला छातीशी धरून बाहेर पडले असं लिहिलंय. तो लोड होता. दुपट्यात गुंडाळलेला पाळण्याशेजारचा लोड. गर्दीत अमीरबी होती, तिने दुपट्याचं टोक उचलून पाहिलं आणि पुन्हा झाकलं. मग दारात वर्षाराणी आली, टाके पडलेली, लेकरू उराशी धरून. म्हणाली, "आत्या, बाळ हिकडं हाय."

ता. क. वैजनाथच्या वेळी तुम्ही सहा महिने आमच्याकडे होता. त्याला रोज तुम्ही न्हाऊ घातलंत आणि मी टॉवेल घेऊन दाराशी उभी राहायची, हे तुम्हाला आठवत असेलच. ओलं लेकरू धरायचं कसं, ते मला येत नाही, अक्का. अमीरबीने ते मांडीवर ठेवलं तेव्हा वर्षाराणीने उचलून घेईपर्यंत मी श्वास घेतला नव्हता. वर्षाराणीला वाटतं, मी एक मूल वाढवलंय. शनिवारच्या आत या. न्हाणीत तुम्ही पाय पसरून बसा, मी म्हणेन, "वर्षाराणी, अक्का कसं करतात ते नीट बघ." मीही बघेन. आणि अमीरबीकडे जाऊन या. माफी माझी, तोंड तुमचं.

ता. क. उत्तर पोस्टाने पाठवू नका. घरातली पत्रं वर्षाराणी फोडते.