आधी मोरी बंद

सौंदड

रेणू बेटा,

हे पत्र तुले पाठवणार नाही. तू म्हणशील, बाबा मिरवून राहिले.

कोरोनाच्या निमोनियात तुहा केवलकाका श्वासाच्या मशीनवर होता, आन् त्याच्या गळ्याले भोक पाडून नळी टाकायचं काम डॉक्टर म्हणून तुह्यावरच आलं. नर्सबाईनं सांगतलं, श्वासनळीले चाकू लावायच्या आधी तू मशीनची हवा थांबवली, म्हणून विषाणू कोणाच्या तोंडावर उडाला नाही. "पाट फोडायच्या आधी तलावाची मोरी बंद," म्हणली म्हणे! हे तू लहानपणी आपल्या तलावाच्या पाळीवर, बांधावरून मोरीचं दार लावताना पाहून शिकली. ह्याच केवलनं "पोरीचं काय काम?" म्हणून तुले तिथून हाकललं होतं.

काल शेताले पाणी सोडायले मोरी उघडायची होती. गळ्यावरच्या व्रणाले हात लावत त्यानं नातीले पुढं केलं. म्हणे, "पोरीचाच हात लागू दे."

तुहा मिरवणारा बाबा,
परसराम