गिऱ्हाईकाच्या हातात चालली पाहिजे

बाबा, मी आजकाल रिमोटवर पळणाऱ्या जुन्या गाड्या विकते. हसू नका! मोठ्या शहरांतली हौशी माणसं त्या घेतात आणि बिघडल्या की काढून टाकतात. मी त्या मागवते, तुमच्याच टेबलावर खोलते, नीट करते आणि इंटरनेटवर विकायला ठेवते. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, इंटरनेट काही तुम्ही पाहिलं नाही. असं समजा, अर्जुनी मोरगावातलं आपलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आता रायपूरहूनही दिसतं.

तुमची दुकानातली रीत मला तेव्हा अजिबात आवडायची नाही. दुरुस्त झालेला रेडिओ तुम्ही स्वतः कधी लावून दाखवला नाही, बटण गिऱ्हाईकालाच फिरवायला लावायचात. मी पहिल्यांदाच नीट केलेला तो ट्रान्झिस्टर आठवतो? माझ्या हातात खणखणीत वाजत होता, आणि तो न्यायला आलेल्या मास्तरांनी बटण फिरवलं तर नुसती खरखर. "थांबा, मी लावून दाखवते," म्हणून मी हात पुढे केला, तर चारचौघांत तुम्ही हातावर चापट मारलीत. "तुले त्याची खोड मालूम आहे, म्हून तुया हातानं वाजते. त्यायच्या घरी तू जाशीन का वाजवाले?" मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

मागच्या वर्षी मी नेमकं तेच केलं. मोठ्या चाकांची एक निळी गाडी अंगणात पळवली, व्हिडिओ टाकला, वर 'एकदम सरळ पळते' असं छातीठोक लिहिलं. रायपूरच्या एका गृहस्थांनी घेतली आणि आठ दिवसांत परत पाठवली. फोनवर म्हणाले, "मॅडम, ये तो सीधे नाली में जाती है!" राइस मिलमधली नोकरी सोडून मी नुकती यात पडले होते. 'फसवलं' एवढं एक वाक्य त्यांनी इंटरनेटवर लिहिलं असतं तर आटोपलंच होतं सगळं. पुन्हा चालवून पाहते, तर सरळ! चार वेळा सरळ. शेवटी चिडून रिमोट आईच्या हातात दिला. आई म्हणते, "मले कायले देतेस वं? मी का लहान पोरगी आहो?" आणि देते रिमोटवरची काडी पुढे ढकलून. गाडी डावीकडे वळून थेट वाळत घातलेल्या धानात! कोंबड्या ओरडत पळाल्या, आणि आई पोट धरून खालीच बसली. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. माझा अंगठा मला न विचारता काडी उजवीकडे रेटत होता. खोलली, तर चाकं वळवणारी सळई जराशी वाकलेली. ती बदलली.

तेव्हापासून आईनं चालवल्याशिवाय एकही गाडी घराबाहेर जात नाही. व्हिडिओतही तीच, पदर खोचून. लोक गाडीपेक्षा तिलाच बघतात. आणि ती निळी तर आई रोज संध्याकाळी पळवायला लागली. शेजारच्या बायका बघायला येतात, "आमाले बी दे ना," म्हणतात, ही देत नाही. तुम्ही गेल्यापासून आई अशी खिदळली नव्हती. मला इतका आनंद होतो बाबा, काय सांगू!

रायपूरवाल्यांना मी झालं ते सगळं सांगितलं, माफी मागितली. ते खूश झाले. म्हणाले, "ठीक हो गई ना? तो वही भेज दो, मुझे नीली ही चाहिए." आईनं गाडी स्वतः पुसून खोक्यात ठेवली. "जाऊ दे, गिऱ्हाईकाची आहे," म्हणाली, पण तोंड एवढंसं झालं होतं. मी बाहेर जाऊन त्यांना फोन केला, निळी पुन्हा बिघडली म्हणून सांगितलं आणि तेवढ्याच पैशात त्याहून भारी लाल गाडी पाठवली. आईला सांगितलं, त्यांना आता निळी नको आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. बाबा, निळी बिघडली नव्हती. मी दोघांशीही खोटं बोलले, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.