शेवटच्या आधीचं स्टेशन

१४ जानेवारी, संध्या. ६
आज साडेपाच वाजता राखोलीच्या पुलावर माझं आयुष्य बदललं. गौरीला लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, कल्पेश, सुरू केलेली एक तरी गोष्ट तू शेवटाला नेलीस का? कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलं, सायली गावातली कंपनी अकरा दिवसांत, जिम नऊ. मी म्हटलं, सर चुकीचे होते, सुपरवायझर चुकीचा होता, जिमवाला ओरडायचा. ती म्हणाली, आणि सकाळचा पतंग? तोही अर्धा चिकटवून ठेवलायस. मग म्हणाली, एक काहीतरी पूर्ण कर आणि मग बोल माझ्याशी.
म्हणजे होच.
संकल्प: राग आजपासून बंद.

१६ जानेवारी
योग आला. अरविंदमामाच्या सामरवरणीच्या दुकानात पाइपचं टार्गेट झालं. कंपनी डीलर लोकांना थायलंड दाखवणार. बँकॉक ते चियांग माई, रात्रभर स्लीपरने. सीटा दोन, मामा आणि शैलजामामी. मामी म्हणाली, मला गाडी लागते, कल्पेशला ने. पासपोर्ट तयारच आहे, दुबईला जाणार होतो तेव्हा काढलेला. ते पुढे राहिलं.
(मामीला गाडी लागत नाही. नाशिकला खिडकीत बसून गाणी म्हणत गेली होती. आत्ता लिहिताना आठवलं.)
प्लॅन: चियांग माई स्टेशनच्या बोर्डाखाली फोटो. गौरीला पाठवायचा. पुरावा.

२ फेब्रुवारी
पुलावर गौरीला सांगितलं. म्हणाली, छान, जाऊन ये. तिच्याकडे ९ तारखेला पाहुणे आहेत, रत्नागिरीचे. मुलगा सुमित, बँकेत. तिच्या पप्पांनी बोलावलंय. पोहे तूच करणार का, विचारलं. हो म्हणाली. मी शांत होतो. हेल्मेट नदीत पडलं. पडलं म्हणजे टाकलं.
निघताना म्हणाली, पोचलास की कळव. अर्थ उघड आहे. तोवर ती कुणाला हो म्हणणार नाही.

७ फेब्रुवारी
मामीने डबा भरला. तिला काय आणू विचारलं. म्हणाली, काही नको, खिडकीतून दिसेल ते लिहून ठेव, आल्यावर वाचून दाखव. लिहीन म्हटलं. सोपं आहे.

९ फेब्रुवारी, ट्रेन, संध्या. ७:३५
सतरा डीलर. थेपल्यांचा वास डबाभर. अटेंडंट चादरी घेऊन आला, सीट ओढून बेड करायला. मी त्याला नियम समजावला: झोपायची वेळ दहा ते सहा, त्याआधी सीट बसण्यासाठी. तो हसला. मला कुणी हसलेलं चालत नाही. पलीकडून मामा म्हणाला, भाचेराव, हे काय आपलं वापी स्टेशन आहे? करू दे ना त्याला, बिचारा उभा आहे. मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. अटेंडंट पुढे गेला. हा राग नव्हता, समजावणं होतं.

१०:०५
नियमाप्रमाणे आता झोपायला हरकत नाही. अटेंडंट झोपलाय. सीटचा बेड कसा होतो कळत नाही, दोन्हीकडून ओढून बघितलं. सगळ्यांचे पडदे लागलेत. एसी फार. मामाने पडद्यातून हात काढून स्वतःची कानटोपी दिली.

११:४०
गौरीचा मेसेज. ‘ठरलं. सुमित चांगला आहे. तुला माझ्याकडूनच कळावं असं वाटलं. पोचलास की फोटो पाठव, आईलाही दाखवते.’
फोटो मागितलाच ना. सगळं ठरलं असतं तर फोटो कशाला मागितला असता?

१० फेब्रुवारी, पहाटे ३
मेसेज पुन्हा वाचला. आई कधीपासून माझे फोटो बघते?

५:५०
डोंगर, बोगदा, नेटवर्क नाही. संकल्प: फोटोत हसायचं.

६:३०
खिडकीतून काय दिसलं ते लिहायचं राहिलं. अंधार होता. खरं तर स्टेशनांवर दिवे होते, माणसं होती, मी फोन बघत होतो. या वहीत मामीला वाचून दाखवावं असं एक पान नाही.
आता एकच स्टेशन, मग चियांग माई. पोचलो की फोटो जाणार. ती छान म्हणेल, अंगठा पाठवेल. मग माझं पूर्ण होईल आणि मला बोलता येईल. काय बोलू?

७:१०, लाम्फून, प्लॅटफॉर्मवरचा बाक
गाडी इथे थोडीच थांबते. मामा घोरत होता. टोपी त्याच्या उशाशी ठेवली. उठवलं नाही, सतरा जणांत कुणीतरी उठवेलच. पिशवी घेतली. दारापाशी तोच अटेंडंट. बोटाने पुढे दाखवत म्हणाला, चियांग माई, नेक्स्ट. हसला. या वेळी मला राग आला नाही. माहीत आहे म्हटलं, उतरलो, आणि आत सगळे झोपले होते म्हणून दार हळूच ओढून घेतलं.