अप्पांचे चार समलंब

८ फेब्रु., शनि.
सासऱ्यांना सर्जापूर रोडला आमच्याकडे येऊन दोन महिने झाले. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता टीव्हीपुढे गप्प बसतात. आज जेवताना म्हणाले, "इथं मला काय काम आहे? राजाजीनगरला थोरल्याकडं जातो." त्यांच्या धाकट्याचा, म्हणजे निखिलचा, चेहरा पडला. सासूबाई गेल्यावर अप्पांना इथे आणायला त्याने किती विनवण्या केल्या होत्या. मी घाईने म्हटलं, मागच्या अंगणात हिरवळ लावू या, किती लागेल ते तुम्ही काढा.

९, रवि.
अप्पा सहालाच अंगणात. एका बाजूला सरळ भिंत, चोवीस फूट. समोरची कड पोट सुटल्यासारखी बाहेर फुगलेली. भिंतीलगत सहा-सहा फुटांवर खुणा, तिथून कडेपर्यंत मापं, टोकं सरळ रेषांनी जोडली. चार समलंब चौकोन. मी म्हटलं, कडेचे दोन तर त्रिकोण दिसतायत. "एक बाजू शून्य असलेले समलंबच ते." उत्तर १४७ चौ. फूट. आपणहून दुसरा चहा मागितला!

१०, सोम.
ऑफिसात माझं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं. घरीही डोकं बंद होत नाही. कड बाहेर फुगलेली, अप्पांच्या रेषा तिच्या आतून जातात. म्हणजे प्रत्येक तुकड्यात थोडी जमीन सुटणार. आठ पट्ट्या करून पाहिल्या: १६२. तेही कमीच. सांगावं तर... नकोच. नर्सरीवाल्याला कानडीत फोन केला. "अण्णा, इप्पत्तैदु जास्ती." हिरवळीचे फूट बाय फूटचे पंचवीस तुकडे जास्त, अप्पांना कळू द्यायचं नाही. "सरी, मॅडम."

१५, शनि.
हिरवळ लागली. कडेपर्यंत चोख, वर दोन तुकडे उरले. अप्पा खूश. "नर्सरीवाला प्रामाणिक आहे. दोन जास्तच दिले." निखिलला सगळं माहीत. तो फ्रिजमध्ये डोकं घालून हसत होता.

२०, गुरु.
घात झाला. अप्पांनी सोसायटीच्या अध्यक्षबाईंना हिरवळ दाखवली. आता क्लबहाउसपुढच्या मैदानाची मोजणी अप्पांकडे, सोमवारी ऑर्डर. तेही फुगीरच, आणि आमच्या अंगणाच्या तीसपट. अप्पांनी नवी वही आणली, शर्टाला इस्त्री केली. "चारच पट्ट्या पुरेत. आपल्याकडं बसलं की नाही?" निखिल म्हणतो, तूच निस्तर.

२३, रवि.
सांगितलं. इडली वाढता वाढता. रेषा आतून जातात, जमीन सुटते, वगैरे. अप्पांनी ताटातच बोटाने चटणीची कमान काढली, बघितली.
"मग आपल्याकडं पुरलं कसं?"
पंचवीस तुकड्यांचंही सांगून टाकलं. बोटावरची चटणी पुसली. मग, "तीस वर्षं पोरांच्या चुकांवर लाल शाई मारली मी, केतकी. कुणाला फुकट मार्क दिले नाहीत." अर्धी इडली टाकून उठले. मला फार वाईट वाटलं. चूक मी दाखवली याचा त्यांना राग नाही, आधी लपवली याचा आहे.

दु. ३. अप्पा खोलीत नाहीत. चपला नाहीत. फोन इथेच चार्जिंगला. निखिल मारतहळ्ळीला गेलाय, त्याला कळवलं. तो म्हणाला, "कपड्यांची पिशवी नेलीय की मोजायचा टेप, ते आधी बघ."
पिशवी म्हणजे राजाजीनगर, टेप म्हणजे मैदान. बघितलं. पिशवी नाही. टेपही नाही.