खाणीची भाषा येणारं कुणी आहे का?

३ मार्च

बोलून बसले! सीमेपलीकडच्या सेगेद शहरातल्या कंपनीचा फोन. त्यांचे हंगेरियन कामगार आमच्याकडच्या जुन्या सोन्याच्या खाणीत आधाराचे खांब बसवायला उतरणार. सुरक्षेच्या सूचना मात्र सगळ्या इथल्या भाषेत, रुमानियनमध्ये. "खाणकामातला अनुवादक आहे का?" "एक काय, रांग आहे!" रांगेत मी एकटी. माझ्या भाषांतराच्या ऑफिसातही एकटीच.

५ मार्च

देझ्यो नावाचे गृहस्थ भेटले. कार्डावर 'खनिज-तज्ज्ञ'. मी हरखले, कॉफी पाजली, केक चारला. मग कळलं, मिनरल वॉटरच्या बाटल्यांवरच्या मजकुराचं भाषांतर करतात! "पाणीसुद्धा डोंगरातूनच येतं ना, मॅडम?"

६ मार्च

स्वतःच भाषांतराला बसले. मी काय कमी आहे?

७ मार्च

कमी आहे.

सूचनांतल्या 'स्टेरिल' या रुमानियन शब्दाचं मी 'निर्जंतुक' केलं. "निर्जंतुक ढिगाखाली उभे राहू नये." आधी हसू आलं, मग घाम फुटला. या कागदाच्या भरवशावर माणसं आत जाणार!

आमच्या कोलोझवार शहरात हे काम येणारी एकच बाई — एतेल्का. खाण-कचेरीत जन्मभर दुभाषी होत्या. अडचण एवढीच, त्या माझ्या माजी सासूबाई. घटस्फोटापासून बोलणं बंद.

८ मार्च

फोन लावला. 'आई' म्हणणं शोभेना, 'एतेल्काबाई' जिभेवर येईना. "हॅलो... मी."

"ओळखला आवाज. काम पडलं वाटतं?"

वाचून दाखवलं.

"निर्जंतुक? डोंगराचं ऑपरेशन करायचंय का? टाकाऊ दगड गं तो! ढीग घसरला की माणूस गाडला जातो. कागद घेऊन ये. तुझं ते भाषांतर चुलीत घाल."

आज महिला दिन, म्हणून फुलं नेली. "ठेव तिकडे," म्हणाल्या. फेकली नाहीत!

११ मार्च

त्यांच्या स्वयंपाकघरात बसतो. त्या सांगतात, मी टाइप करते, शिव्या खाते. मध्येच माझ्या माजी नवऱ्याचा विषय काढून म्हणाल्या, "झालानचा फोन आला की दोन मिनिटांत संपतो. पोटचा पोर! तुझ्याशी मात्र दिवसभर भांडता येतं." मी टाइप करायची थांबले. "बघतेस काय? लिही!"

१४ मार्च

कागद गेले. हुश्श!

२० मार्च

खाणीवरून फोन. काल टाकाऊ दगडाचा ढीग घसरला. सूचना वाचून सगळे लांब थांबले होते. कुणाला खरचटलंही नाही.

एतेल्काबाईंना कळवलं. सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "जेवलीस का?"

२४ मार्च

कंपनीनं एतेल्काबाईंना कायमचं काम दिलं. थेट, मला वगळून! त्यांनी एकच अट घातली — मदतनीस म्हणून मी हवी. सोमवारपासून माजी सासूबाई माझ्या साहेब.

हो म्हणून बसले!