मोठी अक्षरं

सोमवार, ३ मार्च

अखेर साहेबांनी सांगून टाकलं. पॅकिंग हॉलमध्ये नवं यंत्र येतंय, निम्म्या बायकांची गरज उरणार नाही. कायद्याप्रमाणे आधी शिकवायचं, परीक्षा घ्यायची, नापास झाल्यास आणखी एक संधी द्यायची, मगच कमी करायचं. शिकवणारी मी. आणि वर्गात माझ्या जाऊबाई — झाली पंचाईत!

नातं आहे म्हणून आधीच सांगून ठेवलं. साहेब म्हणाले, "परीक्षक बाहेरून आणू. तुम्ही फक्त शिकवा."

गुरुवार, ६ मार्च

घरी मी जाऊबाईंचा शब्द खाली पडू देत नाही. इथे त्या माझ्यासमोर बाकावर! हॉलमध्ये त्यांच्याइतका झपाझप हात कुणाचा चालत नाही. डब्यावरच्या पट्टीचा रंग दिसला की डबा बरोबर त्या खोक्यात. नव्या यंत्राला रंग नाहीत. पडद्यावर नुसती मालाची नावं येतात, हव्या त्या नावावर बोट ठेवायचं. बाकीच्या शिकल्या. जाऊबाई शेजारणीचं बोट बघतात, मग आपलं ठेवतात.

संध्याकाळी भाजी निवडताना म्हटलं, "घरी थोडा सराव करू या का?"

"तिथे शिकव हवं तेवढं. घरात माझी बाई होऊ नकोस."

मी पुढची जुडी ओढली.

मंगळवार, ११ मार्च

जाऊबाई नापास.

आणखीही झाल्यात, पण मला जाऊबाईंचंच दिसतंय. मोठे दीर गेल्यापासून घर त्यांनीच तोलून धरलंय. मी ह्या नोकरीसाठी कोर्स करत होते तेव्हा माझी तान्ही मुलगी त्यांच्या मांडीवर असायची. आता त्यांचं काम गेलं तर घरात त्यांच्या डोळ्याला डोळा कसा देऊ? रडू येतंय.

बुधवार, १२ मार्च

सापडलं. डोळे! जेवताना चोळत होत्या. औषधाची बाटलीसुद्धा नेहमी माझ्या हातात देतात — "वाच गं, मला दिसत नाही नीट." कामाला नालायक ठरवतील म्हणून लपवत असणार. उलट आहे सगळं! नजर अधू असेल तर यंत्र त्यांच्या सोयीचं करून देणं कंपनीला भाग आहे. हे मी दरवर्षी सुपरवायझरांना घसा फोडून सांगते, आणि घरातलं माणूस मात्र राहून गेलं.

शुक्रवार, १४ मार्च

साहेबांशी भांडले. "एकेकीसाठी यंत्र बदलत बसायचं का?" म्हणे. म्हटलं, "हो सर, कायद्यात तसंच आहे." कुरकुरले, पण मानले. दुपारी यंत्रवाला अक्षरं तळहाताएवढी करून गेला.

जाऊबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "माझ्यापायी एवढं कशाला केलंस?" संकोच, दुसरं काय. आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

सोमवार, १७ मार्च

दुसरी परीक्षा झाली. मी काचेबाहेर उभी. परीक्षकाने मालाचं नाव सांगितलं. जाऊबाईंचं बोट वर गेलं आणि हवेतच राहिलं. तो दुसरं नाव म्हणाला, मग तिसरं. त्यांनी एकदा शेजारी बघितलं. शेजारी कुणी नव्हतं.

तिसरी संधी नाही. माझं कुठे चुकलं?

मंगळवार, १८ मार्च

आज त्या स्वतःहून माझ्याजवळ येऊन बसल्या. दार लोटून घेतलं.

"अक्षरं मोठी केलीस, चांगलं केलंस. पण मला ती येतच नाहीत गं. सही तेवढी तुझ्या दिरांनी गिरवून घेतली होती. त्यांना एकट्यांनाच ठाऊक होतं."