सासूबाईंचा कॉम्प्युटर, सुनेच्या लॅपटॉपमध्ये

आई,

भरतकामाच्या मशीनचा जुना कॉम्प्युटर गेला तो गेलाच, पण त्याची डिस्क शाबूत निघाली. ती अख्खी मी माझ्या लॅपटॉपमध्ये उतरवलीय. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, तुम्ही कॉम्प्युटरच्या पोटातला कॉम्प्युटर म्हणा. ‘आईंचा’ लिहिलंय ती खिडकी उघडा. तुमच्या सगळ्या नक्ष्या आत आहेत, आणि नव्यावर चालायला नकार देणारा तो हट्टी प्रोग्रामसुद्धा. मशीन जोडून रुमालावर एक फूल काढून बघितलं, झकास आलं.

फक्त काम संपल्यावर थेट भिंतीवरचं बटण बंद करू नका, त्या सवयीनेच जुना गेला. आधी आतला बंद करा, मग बाहेरचा. चुकलंच तर घाबरू नका, आजची प्रत मी बाजूला ठेवलीय.

दुपारी तुमचे चिरंजीव मशीन विकायला गिऱ्हाईक आणतायत. मशीन बंद पडलंय, आता आईने आराम करावा, म्हणे. तुम्हाला विचारलं? मलाही नाही. तुम्ही सगळ्यात मोठी नक्षी लावून बसा. बेल वाजली तरी उठू नका, मशीनच्या आवाजात ऐकू आली नाही म्हणा.

त्यांची घराची किल्ली मी ऑफिसला घेऊन चाललेय.